जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची दुरुस्ती : लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचा अनुभव

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ दुरुस्त करणारे कोल्हापुरात अजून कोणी आहे का, असे गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारले, कारण आमच्या घरातला फिलिप्सचा जुना सेट पुन्हा बोलू लागल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. लक्ष्मीपुरीत असे एक दुकान आहे. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानांमागच्या बोळातून एक अरुंद लाकडी जिना वर जातो आणि त्या जिन्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे काम चालते. दुकानाला पाटी नाही. दुकान चालवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले असून महिन्याला तीन-चार सेटच हाती घेतात, आणि त्याहून जास्त काम झेपत नसल्याने आपले नाव किंवा नंबर कुठेही छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळणार आहे. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून इथेही मी तसाच उल्लेख करते. लक्ष्मीपुरीत सुटे पार्ट विकणाऱ्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला विचारले तर तो हा जिना दाखवतो.

आमचा सेट वडिलांनी १९६१ साली घेतला. त्याच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याला आतून अडकवलेले परवान्याचे पुस्तक अजून शाबूत आहे. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागत असे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. सेटमध्ये ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८० असे पाच व्हॉल्व्ह असून शिवाय केंद्र नीट लागले की पाकळी मिटणारा ईएम ८० हा हिरवा डोळा आहे. वडील गेल्यानंतर तो बरीच वर्षे बंदच होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा हाताला लागेल ते सामान आम्ही माळ्यावर चढवले आणि त्यात रेडिओही गेला. पाणी त्याला लागले नाही, पण खालची भिंत महिनोन्महिने ओली राहिली आणि ती ओल वरच्या सामानाला लागायची ती लागलीच.

पुढची चूक माझी आहे. दोन वर्षांपूर्वी सेट खाली काढला, पुसला आणि उत्साहाच्या भरात सरळ प्लग बोर्डात लावून चालू केला. डायलचा दिवा लागला, अर्ध्या मिनिटाने घुं असा जाड आवाज आला, त्या आवाजाखाली कुठलेसे केंद्र पुसटसे ऐकूही आले, आणि तीन-चार मिनिटांत तापलेल्या मेणासारखा वास येऊन सेट एकदम गप्प झाला. घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने तो आठवडाभर ठेवून घेतला आणि काही होण्यासारखे नाही म्हणून परत दिला. परत देताना फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार वळवून ठेवली होती, हे मला पुढे लक्ष्मीपुरीत कळले. दुसऱ्या एकाने आतले सगळे काढून टाकून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देण्याची तयारी दाखवली. तेव्हा मी सेट घेऊन घरी परतले.

लक्ष्मीपुरीच्या त्या जिन्यावर गेले तेव्हा काकांनी सेट हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “थेट बोर्डात लावला होता काय?” मी होय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरचा लाकडी सिरीज बोर्ड दाखवला. त्यावर शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब आहे आणि दुकानात येणारा प्रत्येक सेट पहिल्यांदा त्या बल्बाच्या सिरीजमध्येच चालू होतो. “बल्ब लख्ख पेटला तर सेटात शॉर्ट हाय म्हणायचं, मंद पेटला तर पुढं बघायचं,” असे त्यांनी सांगितले. सेटमध्ये शॉर्ट असला तर तो भार बल्ब स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आमचा सेट मात्र त्या दिवशी त्यांनी बल्बावरही लावला नाही. आधी चेसिस, म्हणजे सगळे पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढून, मऊ ब्रशने धूळ झाडून, वीज न देता मीटरने जे जे मोजता येते ते त्यांनी मोजले, आणि प्रत्येक आकडा शाळेच्या रेघी वहीत दोन रकान्यांत लिहिला: एकात पार्टवर छापलेले मूल्य आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष मोजलेले.

या दुकानाबद्दल मला जे सांगायचे आहे ते त्या वहीतच आहे. मोजणीत नापास झालेला पार्ट इथे बदलला जातो, पास झालेला पार्ट कितीही जुना दिसला तरी जागेवर राहतो, आणि काढलेला प्रत्येक पार्ट कागदाच्या चिठ्ठीसह डब्यात घालून गिऱ्हाइकाला परत मिळतो. आमचा डबा माझ्यासमोर आहे म्हणूनच पुढचे इतक्या तपशिलाने लिहिता येते आहे.

डब्यातली पहिली वस्तू म्हणजे दोन्ही तोंडे डांबराने बंद केलेला, बोटाच्या पेराएवढा एक काळपट कंडेन्सर (विजेचा भार साठवणारा पार्ट), ०.०१ मायक्रोफॅरडचा. ईबीसी ८१ या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून (जिथून सिग्नल बाहेर पडतो) आवाजाचा सिग्नल ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (जिथे सिग्नल आत येतो) पोचवायचा आणि प्लेटवरचा डीसी दाब मात्र पलीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. आतल्या कागदात ओल शिरली की तो डीसीही थोडा थोडा सोडू लागतो. काकांनी ईएल ८४ जागेवरून काढून ठेवला, सेट सिरीज बोर्डावर लावला आणि ग्रिडच्या पिनवर मीटरची काडी टेकवली. तिथे शून्य दिसायला हवे होते. काटा चार व्होल्टांवर जाऊन थांबला, आणि तेही बल्बामुळे सेटला पूर्ण दाब मिळत नसताना. ग्रिडवर असा उलटा दाब आला की आउटपुट व्हॉल्व्ह गरजेपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, स्वतः तापतो आणि तो सगळा करंट ज्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो त्यालाही तापवतो. आमच्या घरी त्या तीन-चार मिनिटांत काय घडले, याचा उलगडा मला त्या काट्याकडे पाहताना झाला. जुना सेट घरी असलेल्या प्रत्येकाने हा एक कंडेन्सर बदलेपर्यंत सेट चालू करू नये, असे काका कळकळीने सांगतात आणि मीही तेच सांगेन.

सेटमधले असे अकराही कागदी कंडेन्सर दाबाखाली तपासल्यावर गळके निघाले. त्यांच्या जागी ६३० व्होल्टांचे पॉलिएस्टरचे नवे कंडेन्सर आले, पण ते उघडे दिसत नाहीत. जुन्या कंडेन्सरची नळी गरम करून आतला कागद आणि पत्रा काढायचा, त्या पोकळीत नवा कंडेन्सर सरकवायचा आणि तोंड पुन्हा काळ्या मेणाने बंद करायचे, ही इथली पद्धत आहे. त्यामुळे चेसिस उलटी करून पाहिली तरी ती १९६१ सालचीच वाटते. हे नुसते दिखाव्याचे काम आहे असे मला आधी वाटले होते. पण पुढे कधी दुसऱ्या कोणाच्या हातात हा सेट गेला तर सर्किटच्या नकाशाशी पार्ट जुळवून पाहणे यामुळे सोपे जाते, हे काकांचे म्हणणे मला पटले, आणि प्रत्येक नळीच्या आत बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असल्याने त्यात फसवणूकही नाही. अर्थात हे काम वेळखाऊ आहे आणि तो वेळ बिलात दिसतो. ज्यांना चेसिसच्या खालच्या बाजूशी देणेघेणे नाही त्यांनी नवे कंडेन्सर उघडेच बसवायला सांगावेत. काका ते मान्य करतात आणि मजुरी कमी लावतात. मायका आणि सिरॅमिकच्या कंडेन्सरांपैकी एकालाही त्यांनी हात लावला नाही.

वीजपुरवठ्याच्या फिल्टरचा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा डबा-कंडेन्सर वाचेल असे मला वाटत नव्हते. असे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बरीच वर्षे बंद राहिले की आतला ऑक्साइडचा थर विरळ होतो आणि एकदम पूर्ण दाब दिला तर ते तापून फुटूही शकतात. काकांनी त्याला मोठ्या रेझिस्टन्समधून, आधी तीस-चाळीस व्होल्टांपासून सुरुवात करून, दोन दिवस थोडा थोडा दाब चढवत नेला आणि दर तासाला गळतीचा आकडा वहीत लिहिला. एक बाजू सावरली, दुसरी सावरली नाही. जी सावरली नाही तिची जोडणी सोडवून तिच्या जागी चेसिसखाली नवा कंडेन्सर बसवला आणि वरचा डबा जागेवरच ठेवला. घुं आवाज घालवायला तिथे १०० मायक्रोफॅरडचा बसवता येणार नाही का, असे मी विचारले होते. त्यावर त्यांनी सांगितले की एसी विजेची डीसी करणाऱ्या ईझेड ८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या पुढ्यात जास्तीत जास्त ५० चालतो. त्याहून मोठा टाकला तर तो भरून काढताना दर वेळी व्हॉल्व्हला धक्का बसतो आणि त्याचे आयुष्य घटते. बाजारात मिळाला म्हणून मोठा कंडेन्सर टाकणारे बरेच जण आहेत, आणि मीही सहज तसा टाकून घेतला असता.

सगळ्यात अवघड काम आउटपुट व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे निघाले. त्याची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या बाजूची तार, तुटली होती. वेष्टन उलगडल्यावर केसासारख्या तारेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. ओलीने तांबे तिथे खाऊन टाकले होते आणि जास्तीचा करंट आल्याबरोबर तार तिथेच सुटली. कोल्हापुरात मोटर रिवाइंडिंगची दुकाने पुष्कळ आहेत, उद्यमनगरात तर आहेतच, पण तिथल्या हातांना जाड तारेची सवय असते, ०.१२ मिलिमीटरची तार त्या यंत्रांवर टिकत नाही. काकांकडे हाताने फिरवायचे, आकडा मोजणारे छोटे यंत्र आहे. त्यांनी जुने वेढे उलट्या दिशेने सोडवत मोजले, ते प्रायमरीला २,५६० आणि स्पीकरकडच्या सेकंडरीला ८० भरले, आणि दर थराला पातळ कागद घालत तेवढेच वेढे पुन्हा भरले. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा हे काम चालू होते. एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत ते वेढे मोजत होते, आणि मी जिन्यातून आल्याचे त्यांना कळले असले तरी थर पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

या कामातली एक गोष्ट मला विशेष वाटली. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय आकाराचे पत्रे एकाआड एक उलटसुलट घालतात. इथे मात्र एकाच व्हॉल्व्हचा डीसी करंट सतत वेढ्यांतून वाहतो आणि तो लोखंडाला एकाच दिशेने चुंबकित करत राहतो; म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची बारीक फट ठेवावी लागते. पत्रे सवयीने उलटसुलट घातले गेले तर ट्रान्सफॉर्मर चालतो, पण खर्जातला आवाज पातळ आणि चिरका येतो. जुना कागदाचा तुकडा काकांनी जपून ठेवला होता आणि नव्या जुळणीत तोच वापरला.

बाकीची कामे लवकर उरकली. २२० किलोओहमचे दोन कार्बन रेझिस्टन्स तीनशेच्या पुढे गेले होते, ते बदलले. बँड स्विचच्या पट्ट्या आणि आवाजाच्या बटणाची खरखर साफ केल्यावर गेली. डायलचा दोरा नवा घातला. एका बटणाच्या आतली पितळी बुशी फुटली होती, ती उद्यमनगरातल्या एका टर्नरने अर्ध्या तासात करून दिली. त्यासाठी मात्र मला स्वतः जावे लागले.

काकांनी जे करायला नकार दिला, त्याबद्दलही लिहायला हवे. हिरव्या डोळ्याचा उजेड मंद झाला आहे आणि तो आता अंधारातच नीट दिसतो. मला तो बदलून हवा होता. नवा आणून देईन, पण तोही आधी वापरलेला असण्याची शक्यता जास्त आणि किंमत मात्र कोऱ्याची पडेल, तेव्हा आहे तोच राहू द्या, असे त्यांनी सांगितले. आउटपुटचा ईएल ८४ मात्र जळाल्यासारखाच झाला होता. ट्रान्सफॉर्मर तुटल्यावर प्लेटचा करंट बंद होऊन सगळा भार त्याच्या स्क्रीन ग्रिडवर (आतल्या दुसऱ्या जाळीवर) आला होता. तो नवा मिळाला, कारण गिटारच्या अँप्लिफायरमध्ये ईएल ८४ आजही वापरतात आणि म्हणून परदेशात तो अजून तयार होतो. ईसीएच ८१ सारख्या व्हॉल्व्हचे तसे नाही. ते जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात, आणि आपला जाणार असेल तर वाट पाहण्याची तयारी ठेवावी. लाकडी पेटीचे पॉलिश ते करत नाहीत. डायलच्या काचेला तर त्यांनी मला हातही लावू दिला नाही, कारण केंद्रांची नावे काचेच्या आतल्या बाजूला रंगवलेली असतात आणि ओला फडका लागला की ती निघून येतात. स्पिरिटने पुसून कोरी झालेली एक काच त्यांनी नमुना म्हणून भिंतीला टेकवून ठेवली आहे.

खर्चाचा हिशेब असा : ट्रान्सफॉर्मरचे रिवाइंडिंग २,२०० रुपये, ईएल ८४ चे १,४०० रुपये, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मिळून ९०० रुपये आणि मजुरी ३,०००, म्हणजे एकूण ७,५०० रुपये. त्या कामाच्या मानाने मला ही रक्कम कमीच वाटली. तक्रारी दोन आहेत. सहा आठवडे सांगितलेले काम चौदा आठवड्यांनी मिळाले, आणि मधल्या काळात काय चालले आहे हे कळायला दर वेळी जिना चढूनच जावे लागले, कारण काम करताना ते फोन उचलत नाहीत. दुसरी तक्रार त्या जिन्याचीच आहे. तो उभा आहे, कठड्याला धरायला धड जागा नाही, आणि दहा-बारा किलोचा सेट घेऊन वयस्कर माणसाने एकट्याने चढू नये. सोबत कोणीतरी हवेच. पैसे रोखच द्यावे लागतात.

सेट घरी देताना काकांनी मागची व्होल्टेजची चकती २२० वरून २४५ वर फिरवून दिली. शाहूपुरीत आमच्याकडे त्यांनी मीटर लावला तेव्हा तो २३८ ते २४४ दाखवत होता आणि २२० वर ठेवला असता तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला कायम जास्त दाब मिळाला असता. खोलीत जाळीची एरियल पुन्हा टांगली आणि संध्याकाळी सेट लावला. १२५१ किलोहर्ट्झवर सांगली आली. अंधार पडल्यावर ७६५ वर धारवाड आणि ७९२ वर पुणे, दोन्ही वेगवेगळी आणि स्पष्ट ऐकू आली. या दोन केंद्रांत फक्त २७ किलोहर्ट्झचे अंतर आहे आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत, यावरून आयएफचे, म्हणजे केंद्रे एकमेकांपासून वेगळी काढणाऱ्या भागाचे, कोअर किती नीट जुळवले आहेत ते कळते. आवाजाबद्दल लिहिताना मला आवर घालावा लागतो. निवेदकाचा श्वास ऐकू येतो, तबल्याचा बाया पोटात जाणवतो, आणि मोठ्या आवाजातही कानाला टोचत नाही. आईने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, हातातले पीठ तसेच ठेवून, उभ्या उभ्या सबंध बातम्या ऐकल्या.

ज्यांना असा सेट दुरुस्त करून घ्यायचा आहे त्यांनी काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. आकाशवाणी कोल्हापूर एफएमवर, १०२.७ मेगाहर्ट्झला आहे. आमच्या सेटला फक्त मध्यमलहरी आणि लघुलहरी आहेत, त्यामुळे आपल्याच गावचे केंद्र त्यावर लागत नाही आणि कितीही दुरुस्ती केली तरी लागणार नाही. काचेवरच्या खुणा आणि केंद्रे तंतोतंत जुळत नाहीत, कारण १९७८च्या नोव्हेंबरमध्ये मध्यमलहरींवरची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर नव्याने बसवली गेली आणि आमची काच त्याआधीची आहे. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मध्यमलहरींवर भयंकर खरखर करतात. आम्ही रेडिओ लावताना त्या खोलीतली ट्यूब बंद करतो. फोनवरची गाणी ऐकायची हौस असेल तर ब्लूटूथचा बोर्ड बसवण्याची गरज नाही. सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी दिलेली दोन भोके असतात आणि काकांनी त्यांत बसणारी वायर शंभर रुपयांत करून दिली. मात्र हे मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटपुरतेच खरे आहे. यूसीएच, यूएल, यूवाय अशा नावांचे व्हॉल्व्ह असलेल्या एसी-डीसी सेटमध्ये चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. अशा सेटला बाहेरचे काहीही जोडू नये आणि पाठीचा पुठ्ठा काढून तो कधी चालू करू नये. काका असे सेट घेतात, पण तुटक्या बटणासह ते परत देत नाहीत, कारण उघड्या दांड्याला हात लागला तरी शॉक बसू शकतो.

सहा महिन्यांनी सेट दाखवायला आणा, असे त्यांनी बिलावरच लिहून दिले होते. मार्चमध्ये मी आणि माझा भाचा तो घेऊन पुन्हा जिना चढलो. काकांनी पाठ उघडली, नवा कंडेन्सर अजून गळत नाही ना हे ग्रिडवर काडी टेकवून पाहिले, ईएल ८४ च्या कॅथोडवर, जिथे त्याचा करंट कळतो, ७.२ व्होल्ट मोजले, जुन्या पानावरचा ७.३ हा आकडा काढून दाखवला आणि नवा आकडा तारखेसह त्याच्या शेजारी लिहिला. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.